लोळलेल्या गव्हाची साक्ष

(एका व्याख्यानमालेतील भाषणाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्षमहाराज, कार्यवाह आणि आभाळ भरून आलेलं असताना छत्र्या सांभाळत इथवर आलेले तुम्ही सगळे, नमस्कार.

आधी एक खुलासा करतो. निमंत्रणपत्रिकेवर माझ्या भाषणाचं नाव छापलंय 'गव्हाच्या शेतात परग्रहवासी?' हे नाव मी दिलेलं नाही. मी दिलं होतं 'पिकातली वर्तुळं आणि पुराव्याचा प्रश्न'. कार्यवाहांचा फोन आला, "सर, या नावाला आपले नेहमीचे पंचवीस येतील. आम्ही जरा बदलून घेतो, प्रश्नचिन्ह टाकतो, म्हणजे तुम्हालाही अडचण नाही." आज मागच्या भिंतीला टेकून माणसं उभी आहेत, तेव्हा मी काय बोलणार! परग्रहवासीयांसाठी आलेल्यांनी पहिली दहा मिनिटं तेवढी बसून घ्यावीत. मग उठलात तरी राग नाही. दार मागेच आहे.

मी गव्हातला माणूस. नोकरीभर गहू शिकवला, गहू मोजला, गव्हावरचा तांबेरा बघत थंडीत उभा राहिलो. निफाडच्या संशोधन केंद्रातून आलेले त्र्यंबक आणि तपोवन हे वाण आमच्या विद्यार्थ्यांना पाहुण्यांसारखे ओळखीचे. शेतात उभं पीक रात्रीतून आडवं होतं आणि सकाळी मोठी गोल आकृती उमटलेली दिसते, तीच ही पिकातली वर्तुळं. त्यांची चित्रं तुम्ही पाहता तेव्हा तुम्हाला वर्तुळ दिसतं, मला लोळलेला गहू दिसतो. जगभर लोकांनी या वर्तुळांबद्दल हवामानाला विचारलं, ताऱ्यांना विचारलं, भूमितीला विचारलं. ज्याच्या अंगावर सगळं घडलं त्या गव्हाला फार थोड्यांनी विचारलं. माझं आजचं म्हणणं एवढंच आहे, आणि ते शेवटी तीन मुद्द्यांत मांडणार आहे. करणाऱ्यांनी स्वतः उभं राहून 'आम्ही केलं' म्हटल्यावरही कोडं का टिकतं, हा खरा विषय. त्याआधी मी तिथं गेलो होतो ती हकिकत थोडक्यात.

(इथे पुढच्या रांगेत हसू का आलं ते मला कळलं. मंडळी मला ओळखतात.)

माझी लेक इंग्लंडमध्ये रेडिंगला असते. एका जुलैत आम्ही तिच्याकडे होतो. जावईबापूंनी विचारलं, "बाबा, लंडन झालं, आता काय दाखवू?" मी म्हटलं, गहू दाखवा. बिचाऱ्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. पण मुलगा चांगला. त्यानं गाडी काढली आणि आम्ही पश्चिमेला विल्टशायरला निघालो. हा सगळा खडूचा मुलूख आहे. टेकड्यांवरचं गवत खरवडलं की खाली पांढरा दगड. लोकांनी तसं खरवडून डोंगरावर पांढरे घोडे काढून ठेवलेत. ऑल्टन बार्न्स गावाच्या वरचा घोडा 1812 सालचा. पलीकडे एव्हबरीची दगडी कडी, सिल्बरी हिल ही चार हजारांहून जास्त वर्षांपूर्वी माणसांनी रचलेली मातीची टेकडी, आणि दक्षिणेला स्टोनहेंज. म्हणजे जमिनीवर मोठं काहीतरी काढायची खोड त्या भागाला फार जुनी आहे. आपल्याकडेही आहे. रत्नागिरी-राजापूरच्या सड्यावरची कातळशिल्पं बघा, कशेळीचा तो प्रचंड हत्ती बघा. त्याबद्दलही कोणीतरी म्हणतंच की हे फक्त वरूनच दिसतं, मग काढलं कोणी? अहो, रांगोळी घालणाऱ्या बाईला ठिपक्यांवरून पुढचं दिसतं. तिला छतावर चढावं लागत नाही. असो. हा वेगळ्या भाषणाचा विषय आहे, पुढच्या वर्षी बोलावलंत तर.

त्या खोऱ्यात कालव्याच्या काठी हनीस्ट्रीट नावाची वस्ती आहे, तिथं बार्ज इन म्हणून पब आहे. वर्तुळांच्या वेडानं येणारे लोक, त्यांना तिकडे 'क्रॉपी' म्हणतात, उन्हाळाभर तिथंच पडीक असतात. नवीन वर्तुळ कुठं पडलं, शेतकरी आत सोडतो का, सगळी बातमी तिथं मिळते. आपल्याकडे लग्नसराईत हलवायाच्या दुकानात जशी गावभराची खबर मिळते तशी. आम्हाला एका क्रॉपी आजोबांनी नकाशावर बोट ठेवून रस्ता सांगितला आणि वर बजावलं, की आजच जा, परवापर्यंत लोक तुडवून टाकतील.

शेताच्या तोंडाशी एक खांब, खांबाला साखळीनं बांधलेली लोखंडी पेटी. वर पाटी: माणशी पाच पौंड, चाकोरीतूनच चाला, कुत्रं मोकळं सोडू नका. माणूस नाही, काणूस नाही. मी म्हटलं, इथं बघतंय कोण? लेक म्हणाली, "बाबा, म्हणून तर टाकायचे." जावयानं निमूट पैसे टाकले.

आता पंधरा पौंड म्हणजे किती हे तुम्ही मनात करताय. मीही केलं. पण माझ्या मनात जे आलं ते रुपयांचं नव्हतं. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चची गारपीट आठवते? मराठवाडा, विदर्भ, नाशिक-नगर, कुठं म्हणून सोडलं नाही. गहू, हरभरा, द्राक्षं, कांदा, सगळं झोपलं. आमच्या घरचा गहू काढणीला आलेला होता. रात्रीतून आडवा. सकाळी थोरल्या भावाचा फोन, तो एवढंच म्हणाला, "ये, बघून जा." मी गेलो. बघायला आम्ही दोघंच. मग पंचनाम्याची वाट बघणं सुरू झालं. एक साहेब आले ते बऱ्याच दिवसांनी. बांधावर मोटारसायकल उभी केली, खाली उतरले नाहीत. तिथूनच मान उंच करून म्हणाले, "पन्नास टक्क्यांच्या आतच दिसतंय." तेव्हा मदतीसाठी निम्म्याहून जास्त नुकसान लागायचं, पुढच्या वर्षी ती अट तेहेतीस टक्क्यांवर आली. भाऊ म्हणाला, साहेब, आत येऊन बघा, खाली पडलेल्या ओंब्या उगवायला लागल्यात. साहेब म्हणाले, बूट खराब होतील. हे वाक्य मी जसंच्या तसं सांगतोय. आणि इकडे सातासमुद्रापार, लोळलेला गहू बघायला माणसं विमानानं येतात, पेटीत पैसे टाकतात, बूट चिखलात घालून आत जातात आणि आडव्या पिकावर झोपून डोळे मिटून म्हणतात, किती शांत वाटतंय! भावाला मी हे फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "आपल्या गारा गोल फिरत पडल्या असत्या तर बरं झालं असतं."

हशा ठीक आहे, पण हिशोब करून बघा. साठ मीटर व्यासाची आकृती धरा, ही तिकडे मध्यम समजतात. क्षेत्र झालं अठ्ठावीसशे चौरस मीटर, म्हणजे आपल्या भाषेत अठ्ठावीस गुंठे. त्यातलं निम्मं पीक आडवं. इंग्लंडात हेक्टरी उतारा आठ टनांच्या आसपास, आपल्या महाराष्ट्रात दोन टन आले तरी आपण खूष. तर त्यांचं नुकसान साधारण टनभर गव्हाचं. टनाला दीड-दोनशे पौंड. चाळीस माणसांनी पेटीत पाच पाच टाकले की नुकसान फिटलं, एकेचाळिसाव्यापासून नफा. 1996 च्या जुलैत स्टोनहेंजच्या समोर, मोठ्या रस्त्याच्या पलीकडे एकशे एक्कावन्न वर्तुळांची गोगलगाईसारखी वळत जाणारी आकृती उमटली होती. गणितातल्या ज्यूलिया संचावरून तिला नाव पडलं. त्या शेतकऱ्यानं चार आठवड्यांत तीस हजार पौंड गोळा केले, असं तेव्हा छापून आलं. अर्थात सगळे शेतकरी असे नसतात. कित्येक जण वर्तुळ दिसलं की सकाळीच यंत्र घालून तेवढा भाग कापून टाकतात, कारण वर्तुळापेक्षा बघ्यांचे पायच जास्त गहू खातात.

तर आत गेलो. एक सांगायचं राहिलं, तिकडचा गहू आपल्यासारखा नसतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरतात, ऑगस्टमध्ये काढतात. आपला गहू एकशे वीस दिवसांत घरी, त्यांचा दहा महिने रानात. बर्फ खातो, पाऊस खातो. ओंबीला बहुतेक कुसळं नसतात, बोडकी ओंबी. बुटका, जाड काडीचा, दाट. जुलैच्या सुरुवातीला ओंब्या चिकात होत्या, भाजून खाव्यात अशा. मी एक मोडून दाणा दाबून बघितला तर लेकीनं डोळे वटारले.

आणि शेतात ठरावीक अंतरावर ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या. फवारणीसाठी प्रत्येक वेळी त्याच दोन रेघांवरून चाक जातं, त्यामुळे त्या कायमच्या मोकळ्या राहतात. मला तर तिथंच अर्धं कोडं सुटल्यासारखं झालं. रात्री शेतात शिरायचं आणि पाऊल उमटू द्यायचं नाही, हा मोठा चमत्कार सांगतात ना? अहो, रस्ता घातलेला आहे! चाकोरीतून जायचं, चाकोरीतून परतायचं. एकही मोठी आकृती मला माहीत नाही की जिला चाकोरी शिवत नाही.

आतमध्ये बरीच मंडळी होती. जपानी जोडपं, दोन जर्मन मुलं, ध्यानाला बसलेल्या काही बायका. आणि एक बाई, वयानं माझ्याएवढ्या, हातात तांब्याच्या दोन काटकोनी तारा घेऊन हळूहळू चालत होत्या. मी थबकलोच. म्हटलं, हा तर आपला पाणाडी! तुमच्यातल्या शेतकरी घरच्यांना सांगायला नको. उंबराची बेचकी घेऊन, नाहीतर तळहातावर नारळ उभा धरून पाणाडी शेतात फिरतो, नारळ हलला की तिथं बोअर. आमच्या आळीत त्या नारळावर जेवढे फूट कोरडे गेलेत तेवढ्यात दुसरं लोणार झालं असतं. तर या बाईंच्या तारा वर्तुळाच्या मध्यावर आल्या की एकमेकींवर चढत. त्या म्हणाल्या, इथं ऊर्जा आहे. मी हात पुढे केला, त्यांनी प्रेमानं तारा दिल्या. मध्यावर गेलो, तारा चढल्या. खरंच चढल्या. जावई म्हणाला, "बाबा!" मी त्याला म्हटलं, आता माझ्या डोळ्यांवर रुमाल बांध, खांद्याला धरून कुठंही फिरव आणि मध्य आला ते सांगू नकोस. त्यानं फिरवलं. आता तारा चढल्या त्या वर्तुळाच्या बाहेर, उभ्या गव्हात. बाई मुळीच रागावल्या नाहीत. म्हणाल्या, ऊर्जा तिकडे सरकली असेल. यावर काय बोलणार? आपल्याला जे अपेक्षित असतं त्याप्रमाणे हाताचे स्नायू नकळत हलतात आणि आपल्याला वाटतं तार हलली, हे विल्यम कार्पेंटर नावाच्या डॉक्टरानं 1852 साली लिहून ठेवलंय. पौणेदोनशे वर्षं झाली. नारळ अजून हलतोय.

बरं, 21 सप्टेंबर 1995 ला गणपतीला दूध पाजलेले किती जण आहेत या सभागृहात? हात वर करा. एवढेच? त्या दिवशी तर रांगा लागल्या होत्या. बाकीचे देवळाबाहेर चपला सांभाळत होते असं धरून चालू.

कार्यवाह घड्याळ दाखवतायत. आलोच, मुद्द्यावर आलोच. पण गहू दाखवल्याशिवाय मुद्दा कळायचा नाही.

मी त्या वर्तुळात गुडघ्यावर बसलो आणि एक आडवी काडी हातात घेतली. मुळाशी ती सरळ झोपलेली. पुढे पहिल्या गाठीपाशी वर उचललेली. दुसऱ्या गाठीपाशी अजून उचललेली. ओंबी जवळजवळ आभाळाकडे. अंगठा फिरवला तर गाठ एका अंगाला फुगीर लागते, खालच्या अंगाला. काडी मोडलेली कुठंच नाही. आता क्रॉपी मंडळींचा सगळ्यात आवडता पुरावा हाच आहे. ते म्हणतात, माणसानं तुडवलं असतं तर काडी मोडली असती, ही तर वाकलीय. आणि गाठी लांबल्यात, म्हणजे आतून उष्णता लागली. लेव्हेन्गुड नावाच्या अमेरिकन जीवभौतिकशास्त्रज्ञानं 1994 साली वनस्पतिशास्त्राच्या चांगल्या नियतकालिकात यावर लेख लिहिला, तेव्हापासून हे वाक्य वेदवाक्य झालं.

आता गव्हाच्या माणसाला विचारा. हिरव्या गव्हाची काडी ओली आणि लवचीक असते, दाबली तर वाकते. वाळल्यावर दाबाल तर मोडेल. आणि आडवी पडलेली हिरवी काडी गप्प पडून राहत नाही. तिच्या गाठीवर पानाच्या म्यानाचा बुडखा असतो, त्यातल्या पेशींमध्ये पिष्टाचे जड कण असतात, ते खालच्या बाजूला बसतात आणि खाली कोणती बाजू ते झाडाला कळतं. मग खालच्या अंगाच्या पेशी लांबतात, वरच्या तशाच राहतात, आणि गाठ काडीला वर उचलते. गारपिटीनंतर, वादळानंतर लोळलेला कोवळा गहू मान वर काढतो तो याच जोरावर. आमच्या भावाचा उठला नाही, कारण तो पिकला होता, गाठी मेल्या होत्या. विश्वास बसत नसेल तर घरी कुंडीत मूठभर गहू पेरा, काडीला गाठी आल्या की कुंडी आडवी करून ठेवा. एक-दोन दिवसांत बघा. यान उतरावं लागत नाही, कुंडी आडवी करायला सौभाग्यवतींची परवानगी मात्र लागते.

म्हणजे गाठ काय सांगते? पीक कधी पडलं त्याचा अंदाज सांगते. जास्त उचललेली असेल तर दिवस जास्त झाले. आणि थर सांगतात क्रम. ज्या काड्या खाली दबल्यात त्या आधी पाडल्या, ज्यांनी त्यांना झाकलंय त्या नंतर. मी मधोमध बसून बोटांनी थर उचलत गेलो. आधी एक अरुंद वाट मध्यापासून बाहेर काढलेली, मग कडेचं वर्तुळ, मग आतलं भरत आणलेलं. मधल्या जागी मातीत एक भोक, अंगठ्याएवढं. खुंटी ठोकलेली. आपल्या खळ्यात तिवडा रोवून त्याच्याभोवती बैल फिरवायचे ना, अगदी तसं. मध्ये खुंटी, खुंटीला दोरी, दोरीच्या टोकाला माणूस. खळं आखता येणाऱ्या कोणत्याही म्हाताऱ्याला हे समजावून सांगावं लागणार नाही. दोरी ताणली की बिंदू हलत नाही, वर्तुळ चुकत नाही, अंधार असो की उजेड.

मी हे लेकीला दाखवत होतो तेव्हा ती जर्मन मुलं शेजारी येऊन बसली. एकानं भोकाचा फोटो काढला. दुसरा म्हणाला, हे भोक नंतर कोणीतरी केलं असेल, बदनाम करायला. तेव्हा मला आजचं भाषण सुचलं.

कार्यवाहांची चिठ्ठी आली. 'दहा मिनिटे.' मी आता खरंच मुद्दे घेतो, उभ्या उभ्या.

करणारे कोण ते सगळ्यांना माहीत आहे, तरी झटपट सांगतो. साउदम्प्टनचे दोन मित्र, डग बॉवर आणि डेव्ह चोर्ली, दोघंही हौशी चित्रकार. डग तरुणपणी ऑस्ट्रेलियात राहून आलेला. तिकडे 1966 साली क्वीन्सलंडमधल्या टली गावाजवळ तळ्यातली लव्हाळी गोल झोपलेली सापडली होती आणि उडत्या तबकडीचं घरटं म्हणून गाजली होती. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात एका रात्री पबमधून निघताना या दोघांच्या डोक्यात आलं, आपणही करू. पहिली काही वर्षं त्यांच्या वर्तुळांकडे कुणी ढुंकूनही बघितलं नाही! मग 1981 मध्ये विंचेस्टरजवळ, रस्त्यावरून दिसेल अशा खोलगट रानात केलं, तेव्हा गाजलं. साधन म्हणजे फळी, फळीला दोन्ही टोकांना दोरी, पायानं फळी दाबत चालायचं. सरळ रेषेसाठी टोपीच्या पुढं तारेचं वेटोळं, त्यातून लांबची खूण धरायची. टेरेन्स मीडन नावाचे हवामानतज्ज्ञ म्हणाले की हे वावटळीचं काम आहे. यांनी लगेच सरळ रेषा टाकल्या, कारण वावटळ सरळ रेषा मारत नाही. डगच्या बायकोला गाडीचं मीटर बघून संशय आला, हा रात्री जातो कुठं? दुसरी बाई असणार. शेवटी त्यानं खरं सांगितलं. बायकांना विज्ञानाची पद्धत आपोआप येते, मीटर वाचतात. (पुढच्या रांगेतून: सर, वेळ.) हो.

सप्टेंबर 1991 मध्ये दोघांनी 'टुडे' या वर्तमानपत्राला सांगून टाकलं. वर्तमानपत्रासाठी एक आकृती केली, ती पॅट डेलगाडो या सर्वांत नामांकित तज्ज्ञाला दाखवली. त्यांनी ती अस्सल ठरवली. मग दोघं समोर आले. 1992 चा भौतिकशास्त्राचा इग नोबेल, म्हणजे नोबेलची थट्टा करणारा गमतीचा पुरस्कार, त्यांना मिळाला. चोर्ली 1996 मध्ये गेले, बॉवर 2018 मध्ये. आणि वर्तुळं? कबुलीनंतर वाढली. 2001 च्या ऑगस्टमध्ये मिल्क हिलवर चारशे नऊ वर्तुळांची आकृती आली. 2008 मध्ये बार्बरी कॅसलजवळ गणितातल्या 'पाय' (π) या संख्येचे पहिले दहा अंक कोरलेली आकृती आली.

आता तीन मुद्दे. पहिला. कबुली नेहमी झालेल्या कामांची असते, शंका उरलेल्यांवर जाते. दोघांनी दोनशेच्या वर केली म्हणाले, तर लोक म्हणाले, मग बाकीची? बाकीची इतरांनी केली असं म्हटलं तर त्यांची नावं द्या म्हणतात. नाव कोण देईल? दुसऱ्याचं पीक पाडणं हा इंग्लंडात गुन्हा आहे. 2000 साली एकाला शंभर पौंड दंडही झाला. शिवाय सही केली की आकृतीची गंमत संपते हे करणाऱ्यांनाही कळतं. म्हणजे गुन्हा आणि कला, दोन्ही गप्प बसायला सांगतात.

दुसरा मुद्दा. तज्ज्ञाची परीक्षा घ्यायची तर उत्तर त्याला माहीत नसताना घ्यावी, रुमाल बांधून. डेलगाडोंची तशी झाली. 1990 मध्ये विल्टशायरमधल्या ब्रॅटनला, वर्तुळ पडताना टिपायचं म्हणून कॅमेरे लावून बसलेल्या चमूचीही झाली. पहाटे वर्तुळं दिसली, पत्रकारांना हाका मारल्या, आत गेले तर मध्ये लाकडी क्रूस आणि खेळण्याचा पट ठेवलेला! आणि 1992 मध्ये वेस्ट विकमला रीतसर स्पर्धा झाली, रात्रीच्या अंधारात, तीन हजार पौंडांच्या बक्षिसासाठी. जिंकले हेलिकॉप्टर कारखान्यातले तीन इंजिनीयर. सामान दोरी, प्लास्टिकचा पाइप, फळी, सुतळी, दुर्बिणीसारखं एक साधन आणि दोन शिड्या. 'माणसाला रात्रीतून जमणार नाही' हे वाक्य तिथंच मिटायला हवं होतं. मिटलं नाही, कारण...

तिसरा मुद्दा हा, आणि तो मला सविस्तर सांगायचा होता. कोडं सुटल्यानं कुणाचंच भलं होत नाही. शेतकऱ्याची पेटी, पबचा गल्ला, वरून फोटो काढणारी विमानं, वाहिन्या, जाहिरातवाले. 2013 च्या डिसेंबरमध्ये कॅलिफोर्नियात बार्लीच्या शेतात मोठी आकृती आली, आठवडाभर चर्चा, नंतर कळलं की संगणकाच्या चिपची जाहिरात होती. 2011 च्या जानेवारीत इंडोनेशियात, योग्याकार्ताजवळच्या सलेमानमध्ये भाताच्या शेतात आकृती आली. तिथली अवकाश संस्था म्हणाली माणसाचं काम आहे, तोवर हजारोंची रीघ लागली होती आणि गावकरी बघायचे पैसे घेत होते. या साखळीत मीही आहे, मला आज मानधनाचं पाकीट मिळणार आहे. प्रश्नचिन्ह काढलं असतं तर सभागृह अर्धं रिकामं असतं, हे कार्यवाहांनी आधीच ओळखलं होतं. फक्त गव्हाला या सगळ्यात काही मिळत नाही, म्हणून त्याची साक्ष घ्यावी असं मी म्हणतो. त्याच्या गाठी बघा, थर बघा, मधलं भोक बघा. नंतरच्या वर्षी त्याच जागी पुसट आकृती पुन्हा दिसते, तिला ते 'भूत' म्हणतात. तेही बघा. तुडवलेली दबलेली माती आणि गळून पडलेले दाणे उगवलेले, याखेरीज मला तिथं दुसरं भूत संभवत नाही. यावर एक प्रयोग सुचवायचा होता, तो...

दुसरी चिठ्ठी आली, यावर नुसतं उद्गारचिन्ह आहे. प्रयोग राहिला. प्रश्न विचारायला वेळ नाही म्हणतात, तर ज्यांना लोणारबद्दल, कातळशिल्पांबद्दल किंवा आपल्या बोअरबद्दल विचारायचंय त्यांनी बाहेर चहापाशी गाठा. पाणाडी मंडळींनीही या, रुमाल माझ्याकडे आहे. अध्यक्षांचं भाषण व्हायचंय, त्यांची पाच मिनिटं मी खाल्ली.